कोरडी काढलेली राख

सतरा एप्रिल, सकाळी सव्वादहा. नुकसान दोन हजार आठशे पन्नास रुपयांचं. हजर माणसं: शेजारच्या काकू, त्यांची सून, आणि गल्लीतल्या दोन बाया, ज्या पहाटेपासून काकूंकडे कुरडया घालायला आल्या होत्या आणि काम आटोपून ओसरीवर चहा पीत होत्या. भिंतीच्या अलीकडे मीही हजर होतो, पण मला कोणी मोजलं नाही आणि मी मोजू दिलं नाही.

रकमेचा हिशेब असा. काकूंकडे एका लग्नाच्या रुखवतासाठी दहा किलो कुरडयांची ऑर्डर होती, तीनशे ऐंशी रुपये किलोने. माल चार बाजांवर, जुन्या साड्या अंथरून, वाळत घातला होता. चारपैकी तीन बाजांवर राख पडली. म्हणजे साडेसात किलो. ओल्या कुरडईवर राख पडली की ती झटकता येत नाही, पुसता येत नाही. चिकात बसते आणि चिकाबरोबर वाळते.

ती राख माझी होती.

आमचं घर दिग्रसला, गावाच्या जरा बाहेरच्या वस्तीत. स्वयंपाक गॅसवर होतो, पण मागच्या अंगणात आंघोळीचं पाणी तापवायला एक चूल आहे. दिवाळीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ती पऱ्हाट्यांवर चालते. कपाशी निघून गेली की शेतात उरलेल्या त्या काटक्या आमच्याकडे गाडीने मिळतात, आणि भुरूभुरू जळून भरपूर राख करतात. मार्च लागला की चूल बंद. त्या वर्षी शेवटची राख तशीच राहिली होती. बायकोने आठवण करून दिली ती माझ्या मोजणीने सहा वेळा. शेवटच्या वेळी, सतराच्या सकाळी, ती काकूंकडून कुरडया घालून आली, पिशवी घेऊन बाजाराकडे निघाली आणि फाटकातून म्हणाली, "आज रजा आहे नं तुमची? मग थे राख काढा. अन आधी पाणी शिंपडा बरं."

पाणी शिंपडायचं हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आई तसंच करायची. पण आमच्याकडे नळ पाच दिवसांनी येतो. पाचशे लिटरची टाकी, म्हणजे दिवसाला शंभर लिटर, आणि तो चौथा दिवस होता. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. आकडे जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही. टाकीत काठी घालून पाहिली तर पाणी हिशेबापेक्षा चार बोटं खाली होतं. राखेवर शिंपडायला अर्धी बादली लागली असती. मी ठरवलं की अर्धी बादली वाचवायची. दीड महिना थंड पडलेली राख, तिच्यात विस्तव नाही, तिला पाणी कशाला, असंही स्वतःला सांगितलं.

भिंतीपलीकडे पाहिलं होतं. हे लिहिणं भाग आहे. भिंत कमरेएवढी आहे. बाजा दिसत होत्या, त्यांच्यावरच्या पांढऱ्या कुरडया दिसत होत्या. चुलीपासून पहिल्या बाजेपर्यंत अकरा पावलं भरतील असा अंदाजही केला. लिंबाचं पान हलत नव्हतं. मी सिमेंटची रिकामी चुंगडी, म्हणजे पोतं, भिंतीला टेकवून उभी केली, घमेल्यात राख ओढली आणि घमेलं कमरेपर्यंत उचलून चुंगडीत ओतलं. पहिलं घमेलं नीट गेलं. दुसरं ओतत असताना वावधान आलं.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात असा वारा कुठूनही उठतो, गोल फिरतो, पाचोळा उचलतो आणि वीस-तीस मोजेपर्यंत संपतो. घमेल्यातली राख खाली पडलीच नाही. ती पडद्यासारखी उभी राहिली, भिंतीवर चढली आणि पलीकडे गेली. मी बघत राहिलो. मग वारा थांबला आणि ती सावकाश खाली बसली.

पहिल्यांदा काय केलं असेल, तर घमेलं आवाज न करता खाली ठेवलं. मग चुंगडीचं तोंड दुमडलं. मग पायांवरची राख धुवायला न्हाणीत गेलो आणि पायांवर पूर्ण एक बादली ओतली. अर्धी बादली वाचवलेल्या माणसाने.

न्हाणीच्या झरोक्यातून पलीकडचं सगळं ऐकू येतं.

"अवो, हे काय झालं!" काकूंचा आवाज. "हे राख कुठून आली? पोरी, तू चूल झाडली का?"

पहाटे चीक शिजवायला त्यांच्या अंगणात मोठी चूल पेटवली होती. तिची राख तिथंच होती.

"नाही आत्याबाई, मी हातबी लावला नाही."

"मंग काय आभाळातून पडली? तुले हजारदा सांगितलं, कोरडी राख काढू नोको म्हून."

"काढलीच नाही तर कोरडी काय अन ओली काय!"

"पाह्य वं, जबान पाह्य इची," काकू त्या दोन बायांना म्हणाल्या.

त्यातली एक म्हणाली, "माहेरी जायची घाई झाली असन तिले. एक पाय इथं अन एक पाय एसटीत."

दुसरी हसली. सून हसली नाही. त्या वेळी मी झरोक्यातून एवढंच ओरडायला हवं होतं, "काकू, माझ्याकडून उडाली." पाच शब्दही नाहीत. मी टॉवेल शोधत होतो.

माहेरी जायची गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती. सुनेच्या पाठच्या बहिणीचं लग्न बावीस तारखेला होतं, महागावकडच्या खेड्यात. आई पाच वर्षांमागे वारलेली, घरात दुसरी बाई नाही. हळद एकवीसच्या सकाळी. ती अठराला सकाळच्या गाडीने निघणार होती. आठवडाभर ती भिंतीशी उभी राहून माझ्या बायकोला सांगायची, "काकू, मांडवाचं सारं मलेच पाहा लागते नं आता. बहिणीले हळद लावाले मायच्या जागी मीच हाव."

आता ते सगळं कॅलेंडरवर कसं बसलं ते सांगतो, कारण मी ते सतराच्या दुपारीच मांडून पाहिलं होतं. रुखवत तेवीसला द्यायचं. काकूंनी शब्द दिलेला. नव्या कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलून. मग ते दळायचे, चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, आणि पहाटे शिजवून सोऱ्यातून घालायच्या. मग दोन दिवस ऊन. सतराला गहू भिजले तर एकवीसच्या पहाटे कुरडया पडतील. काकूंचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर होत नाही. वीस किलो गव्हाचा काय, पंधरा किलोचाही चीक घोटणं त्यांना शक्य नाही. त्या मनाने वाईट बाई नाहीत. पण सून काही म्हणाली असेल-नसेल, निर्णय त्यांनी एका वाक्यात दिला, आणि तोही मला ऐकू आला: "राख तू केली, निस्तरनं तुलेच."

म्हणजे अठरा, एकोणीस, वीस गेले, आणि हळद गेली. आकडेमोड बरोबर होती. मी दोनदा तपासली.

बायको बाजारातून आली. तिला गल्लीच्या तोंडालाच बातमी कळली होती. पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "काकूच्या कुरडयाचं ऐकलं का? बिचाऱ्या पोरीचं जाणं राह्यलं." मग चुलीकडे पाहून, सहज, "तुम्ही काढली नं राख? पाणी शिंपडलं होतं?"

"शिंपडलं," मी म्हणालो.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी तिच्याशी पूर्वी खोटं बोललो असेन, पण ते आठवत नाही. हे आठवतं, कारण ते बोलायला मला काहीच वेळ लागला नाही.

पुढचे दिवस मी माझ्या बाजूने पुरावे गोळा करत होतो. काकूंच्या चुलीत खरंच राख होती. वावधानाने तिथली राख उडणं अशक्य नव्हतं. तीन बाजांवरची सगळी राख माझी, हे कोण सिद्ध करणार? असंही मनात आलं की निम्मी माझी धरली तर नुकसान चौदाशे पंचवीस होतं. मग वाटलं, पैसे गुपचूप देता येतील. काकूंची भिशी आमच्या पतसंस्थेत आहे, तिच्यात भरता येतील. ऑफिसात बसून मी हे सगळं खरोखर कागदावर मांडलं आणि कागद फाडून टाकला. सुनेच्या तीन दिवसांचा आकडा त्या कागदावर नव्हता. तो कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला कळत नव्हतं.

एकोणीसला संध्याकाळी ती भिंतीशी आली. हातात पाणी भरायचे दोन गुंड, डोळे सुजलेले होते की चुलीच्या धुराने तसे दिसत होते, सांगता येत नाही.

"काका, दोन गुंड पाणी मिळन का? गव्हाचं पाणी बदलायचं आहे. आमची टाकी गव्हातच सरली."

आदल्या दिवशीच नळ येऊन गेला होता, आमची टाकी भरलेली होती. मी दोन्ही गुंड भरून भिंतीवर ठेवले. तेवढ्यात तिच्या कमरेचा मोबाइल वाजला. तिने गुंड न उचलता तो कानाला लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही, ही म्हणाली, "मले नोको विचारू मेहंदीचं... तुले जे आवडन थे काढ. मी येतोच म्हणत होती, पण... हो. हो नं. हळदीले शेजारच्या काकीले बसव." मग मोबाइल खोचला, एक गुंड काखेला घेतला, एक हातात, आणि म्हणाली, "लय उपकार झाले काका. या दिवसात पाणी कोन देते कोनाले."

मी म्हणालो, "असू दे, असू दे."

हे दोन शब्द मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त टोचतात. खोटं बोलल्याचं कारण सांगता येईल, गप्प बसल्याचंही. पण मी तिचे आभार घेतले. तिने दिले आणि मी ठेवून घेतले.

एकवीसच्या पहाटे पुन्हा सगळ्या बाया काकूंकडे जमल्या. माझी बायकोही गेली. भिंतीपलीकडून चिकाचा वास, सोऱ्याचा करकर आवाज आणि बोलणं येत होतं. कोणीतरी म्हणालं, "आज राख बांधून ठेवली का वं? का आजबी उडवतं?" सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. उजाडताना अशी थट्टा चालतेच, त्याने काम हलकं होतं. सुनेचा आवाज आला नाही.

सातच्या सुमारास बायको परत आली. कोपरापर्यंत चीक लागलेला, आणि हातात आमचा मोठा गंज, जो तिने चीक शिजवायला नेला होता. चीक वाळला की भांड्याला सिमेंटसारखा धरतो. त्याला राखच लागते. ती सरळ चुलीशी गेली, चुंगडीचं तोंड उघडलं, मूठभर राख घेतली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो.

मी पेपरवरून पाहिलं. तिने मुठीतली राख सोडून दिली, पुन्हा हात घातला, या वेळी कोपरापर्यंत, खालून मूठ भरली आणि ती माझ्यासमोर येऊन उघडली. राख तिच्या बोटांतून पिठासारखी गळत होती.

"पाणी शिंपडलं होतं म्हणे."

मी पेपर मांडीवर ठेवला.

"शिंपडलेल्या राखीचे गोटे होते. वाळली तरी गोटे राहते. हे पाहा." तिने उरलेली राख फुंकली. ती माझ्या पेपरवर आली. "कोरडी काढली तुम्ही. त्याच दिवशी."

"पाण्याचा चौथा दिवस होता," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य ऐकू आलं. मग तिने हात झटकले नाहीत, पदराला पुसले. "चार दिवस थे पोरगी बोल खाऊन राह्यली," ती म्हणाली. "आता तुम्ही जाता का मी जाऊ?"

मी गेलो, हे खरं. पण पाठवला म्हणून गेलो. आपणहून गेलो असतो का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता ते तपासायची सोयही नाही.

जाताना कपाटातून पाकिटात दोन हजार आठशे पन्नास रुपये घालून घेतले. फाटकातून वळसा घालून गेलो. काकूंच्या अंगणात शेवटची बाज भरत होती. सून सोऱ्या दाबत होती, काकू खाली बसून सांगत होत्या, चार-पाच बाया इकडे तिकडे. मला पाहून काकू म्हणाल्या, "या भाऊ, चीक खाऊन जा. दूधसाखर टाकून देऊ का तेल?"

"काकू, सतराची राख माझी होती," मी म्हणालो. "मी चुलीतली कोरडी राख चुंगडीत ओतत होतो. वावधान आलं अन ती इकडे उडाली. मी पाहिलं होतं. सांगितलं नाही."

सोऱ्याची करकर थांबली. एवढंच काय ते लगेच झालं. मग कडेच्या एका बाईने, जिच्या नवऱ्याचं कर्जाचं खातं मीच पाहतो, हळूच म्हटलं, "घ्या! हिशेबवाल्या साहेबाचाच हिशेब चुकला." पण या वेळी कोणी हसलं नाही.

काकू सुनेकडे वळल्या. रागाने नव्हे, गोंधळून. "मंग तू काहून बोलली नाही वं?"

"बोलली नं आत्याबाई," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी बोलली."

काकूंनी मान खाली घातली आणि साडीवरची एक कुरडई उगाच सरळ केली. ती सरळच होती.

मी पाकीट पुढे केलं. सुनेने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हाताला चीक होता, कपाळावर घाम होता. तिचा आवाज चढला नाही. "चार दिवस, काका," ती म्हणाली. "भिंत तर कमरेएवढीच हाय."

मला एक वाक्य येत होतं, की बेटा, चूक झाली, पण ते वाक्य चुकीच्या मापाचं वाटलं. मी म्हणालो, "हळद किती वाजता आहे?"

"दहाले."

साडेसात वाजत होते. मी चौकात गेलो. पहिल्या दोन जीपा भरलेल्या होत्या, सीट घेऊन पुसदकडे निघाल्या होत्या. तिसरा गाडीवाला चहा पीत होता, त्याला घाई नव्हती. मी भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तरी गाडी दारात यायला सव्वाआठ झाले, आणि तिने हात धुऊन, लुगडं बदलून, पिशवी बांधून निघायला साडेआठ. उरलेलं बाजांचं काम बाया करतील असं काकू स्वतः म्हणाल्या. गाडीपर्यंत त्या सुनेची पिशवी डाव्या हाताने घेऊन गेल्या. माझ्या बायकोने तिच्या ओटीत खोबरं घातलं. मी फाटकाशी उभा होतो. तिने सगळ्यांकडे पाहून मान हलवली, त्यात मी होतो की नव्हतो, कळलं नाही.

महागावच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. ती पोचली तेव्हा पावणेअकरा झाले होते. हळद लागून गेली होती. शेजारच्या कोणी काकीने लावली. हे मला तिने सांगितलं नाही, गाडीवाल्याने सांगितलं, परत आल्यावर, पैसे घेताना. "बाई मांडवात उतरली अन तशीच उभी राह्यली," तो म्हणाला. "नवरीनं मग सोताच्या गालाची हळद काढून तिले लावली." त्याला ते छान वाटलं होतं. मी त्याला पैसे दिले आणि घरात आलो.

तेव्हापासून चूल मीच झाडतो. कोणी सांगत नाही. राख एक रात्र तशीच ठेवतो. सकाळी तळहाताची मागची बाजू तिच्यावर धरून पाहतो, ऊब असेल तर हात लावत नाही. मग बोटांनी पाणी शिंपडतो, सडा घालतात तसं, ओतत नाही, ओतलं की फसकन वर येते. राखेचा रंग पांढऱ्याचा काळसर होईपर्यंत थांबायचं. घमेल्याचा काठ चुलीच्या तोंडात आत सारायचा, पत्र्याच्या तुकड्याने राख आपल्याकडे सावकाश ओढायची, ओतायची नाही, चुंगडी आडवी धरून आत सरकवायची, आणि वर ओलं पोतं. अर्धी बादली लागते. एवढ्यात अंगणात बोटभर राख सांडत नाही. बायको हे ओसरीवरून पाहते.

भिंतीवरून पाणी मागणं मात्र बंद झालं. पलीकडची टाकी संपली की सून कोपऱ्यावरच्या बोअरवर जाते, दोनशे पावलं जास्त. मी एकदा म्हटलं, "बेटा, आमच्याकडे आहे पाणी." ती म्हणाली, "राहू द्या काका, चालते मले." आवाजात राग नव्हता.

पैशांचं असं झालं. पाकीट मी त्या सकाळी काकूंकडे ठेवून आलो होतो, ते त्यांनी परत केलं. रुखवत वेळेवर गेलं होतं, त्याचे पैसे त्यांना मिळाले होते. "नफा तुमच्यापासून घेऊ का भाऊ? गव्हाचं अन दळनाचं द्या." पंधरा किलो गहू चौतीसच्या भावाने पाचशे दहा, दळण एकशे वीस, मीठ आणि हिंग चाळीस: काकूंना सहाशे सत्तर. गाडीवाल्याला अठराशे. सून लग्नाहून परतल्यावर, सव्वीस तारखेला, मी काकूंसमोर तिला चार दिवसांची मजुरी दिली, तीनशे रुपये रोजाने बाराशे. काकू म्हणाल्या, "घे, तुह्याच कामाचे आहे." तिने त्या नोटा माझ्यासमोर एक एक करून मोजल्या, पूर्ण बाराशे भरल्या, आणि घेतल्या.